प्रभूला पत्ता सांगणारी

लोणावळ्याला आमच्या चर्चमध्ये कुसगावची एक बाई येते. एका हॉटेलात चादरी धुते. दुसऱ्यांसाठी प्रार्थना करायची वेळ आली की ही उठणार आणि प्रभूला माणसाचा पत्तासुद्धा सांगणार. "प्रभू, भाजे गावातली म्हातारी लय खोकतीया. शाळंच्या मागलं घर." पुढच्या बाकावरची पोरं तोंड दाबून हसतात. पाळकसाहेब एकदा म्हणालेही, "ताई, प्रभूला सगळं ठाऊक असतं." तर म्हणाली, "त्येला ठावं हाय वो. पर हितल्या लोकांनी बघाया जायला नगं व्हय?"

मागं तिच्या एकुलत्या मुलाला टेम्पोनं उडवलं. पोरगा दवाखान्यात बेशुद्ध पडलेला. तरी रविवारी ती उपासनेला आली, आणि उठली ती आधी टेम्पोवाल्यासाठी. "परंदवडीचा हाय, प्रभू. भ्यालाय, जेवत न्हाई म्हनं. त्येला संबाळ." मग मुलासाठी मागितलं. सगळ्यांनी आमेन म्हटलं. माझं तोंड काही उघडलं नाही.

बाहेर आल्यावर मी तिला धरलंच. "अगं, तुझं लेकरू तिकडं निपचित पडलंय, आणि तू त्या मेल्यासाठी मागतेस?"

"मावशी, माज्या पोरासाठी समदी मंडळी हाय," ती म्हणाली. "त्येच्यासाठी कोन उभं ऱ्हानार?" आणि दवाखान्यात जायला रिक्षात बसली.

राहिलेलं आमेन मी घरी येऊन, भाकरी थापताना म्हटलं. मनापासून म्हटलं का, ते मला अजून सांगता येत नाही.