सरांच्या मागून

आमच्या कॉलेजात मुलींनी आपापलं वर्गात जायची रीत नव्हती. तासाची घंटा झाली की आम्ही लेडीज रूमच्या दारात उभ्या राहायचो. सर आले की खाली मान घालून त्यांच्या मागून वर्गात शिरायचं, तास संपला की त्यांच्याच मागून बाहेर. पोरांनी छेडू नये म्हणून ही व्यवस्था. सत्तरच्या दशकातली गोष्ट. मुली मूठभर, आणि अक्कल सगळी पुरुषांकडे, असं पुरुषांनीच ठरवलेलं.

आम्ही बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होतो. आम्हाला वर्गात नेणाऱ्या सरांपैकीच एकांनी जिन्यात माझ्या मैत्रिणीच्या पाठीवरून हात फिरवला. चुकून लागला असेल, अशी तिनं स्वतःची समजूत घातली. पुढच्या वेळी त्यांनी कंबर धरली. ती रिठद गावची, बोलायला फटकळ. मला ओढत थेट प्राचार्यांकडे गेली आणि सगळं सांगून मोकळी झाली.

प्राचार्य म्हणाले, "हे बाहेर बोलू नका. तुमचंच नाव खराब होईल."

दुसऱ्या दिवशी फलकावर सूचना लागली: विद्यार्थिनींनी यापुढे जिन्यातही प्राध्यापकांसोबतच ये-जा करावी. वाचून माझं डोकं सणकलं. चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या!

वर तिच्या वडिलांना बोलावणं गेलं. ते शेतातून तसेच एसटीनं आले. त्यांना कुणी बसा म्हटलं नाही. मुलीला थोडे दिवस घरी ठेवा, असं प्राचार्यांनी सुचवलं. आम्ही दोघी प्राचार्यांच्या खोलीच्या दारातच होतो. घरी बसवलेली पोरगी कॉलेजात परत येत नसे, तिचं लग्न होत असे. मैत्रिणीनं माझं मनगट घट्ट धरलं.

वडील टोपी हातात फिरवत राहिले. मग म्हणाले, "सायेब, हात तं मास्तरनं लावला. मंग माह्या पोरीनं काहून घरी बसाचं?"

प्राचार्य पंख्याकडे पाहू लागले.

"जाय वो बाई, तुह्या वर्गात जाय," वडील तिला म्हणाले.

घंटा झाली. तेच सर नेहमीसारखे लेडीज रूमसमोर येऊन थांबले. आम्ही त्यांच्यासमोरून पुढं निघालो, ती सगळ्यांत पुढं. पोरांनी शिट्ट्या मारल्या, बाकं बडवली. बडवू देत.

त्या माणसाला कुणी कधी जाब विचारला नाही. निवृत्तीच्या दिवशी त्याला शाल-श्रीफळ मिळालं, आणि तो संताप मला अजून गिळता येत नाही. पण त्या दिवशी तो आमच्या मागून वर्गात आला, खाली मान घालून.