हुतात्मा करू नका

आणीबाणी उठून वर्ष झालं होतं. पत्रकं पुन्हा उघड छापता येत होती आणि मी ती धडाधड लिहीत होतो. माझ्या पत्रकांवर पहिली कात्री मात्र माझा मित्र चालवायचा. तो भिवंडीत धामणकर नाक्याजवळच्या एका यंत्रमाग कारखान्यात लूम चालवत होता. शिफ्ट सुटली की टपरीवर बसून माझं पत्रक मोठ्याने वाचायचा आणि अडखळला की थांबायचा.

“लीडर, ह्यो ‘साम्राज्यवादधार्जिणा’ तोंडात घेतला तर पान कुटं ठेवू?”

बाकावरचे सगळे हसायचे. मी वाद घालायचो, पण शब्द खोडायचो.

मोर्चाला मात्र तो कधी हाती लागला नाही. भिवंडीत लूम शुक्रवारी बंद, म्हणून आमचे मोर्चे शुक्रवारी. आणि शुक्रवारी हा राहनाळला घरी, दोन मुलींची डोकी शिकेकाईने धुवत बसलेला.

“तुझ्यासारख्यांमुळे क्रांती अडलीय,” मी एकदा भडकून म्हणालो.

“तिला सांग, वाईच थांब. धाकटीच्या डोल्यात शिकेकाई गेलीय.”

सहा दिवस रोज बारा तास शेठ घेत होता. हे अन्यायाचं आहे असं मी प्रत्येक पत्रकात लिहायचो. उरलेला सातवा दिवस आम्ही मागत होतो, हे माझ्या ध्यानातही आलं नव्हतं.

मग त्याला कावीळ झाली आणि आठ दिवसांत तो गेला. चाळिशीही गाठली नव्हती.

मी एका दमात श्रद्धांजलीचं पत्रक लिहिलं आणि राहनाळला नेऊन वहिनींच्या हातात दिलं. त्यांना वाचता येत नव्हतं. त्यांनी थोरलीला वाचायला बसवलं. ती तिसरीत होती. ‘श्रमिकांचा झुंजार सेनानी, शोषणाविरुद्ध धगधगती मशाल, अमर हुतात्मा’ एवढं तिने एकेक अक्षर लावत वाचलं आणि मान वर केली.

“आये, ह्यो कोन?”

वहिनींनी कागद घडी करून माझ्यापुढे ठेवला.

“भावजी, त्यांना हुतात्मा करू नका. धाकटी तीन वर्साची हाय. ती बापाला इसरनार, मला ठावं हाय. ती वाचायला शिकंल तवा तिला तिचा बाप दिसाया होवा. यात ते न्हायत.”

मी पुन्हा लिहायला बसलो. कागदावर मशालच येत होती. त्याच्याबद्दल एक साधं वाक्य मला लिहिता येईना.

शनिवारी कारखान्यात शोकसभा होती. वहिनी मुलींना घेऊन आल्या होत्या. माझ्या खिशात कोरा कागद होता. दोन मिनिटं स्तब्धता पाळायची म्हणून मी मुकादमाला मेन स्विच बंद करायला सांगितलं. लूम थांबले, खडखडाट बंद झाला, आणि निम्मे कामगार खांद्यावर टॉवेल टाकून सरळ टपरीकडे चालू लागले. लूम एकदम थांबले म्हणजे लाइट गेली, आणि लाइट गेली की चहा, ही त्यांच्या पायांची सवय.

“अरे, श्रद्धांजली आहे! लाज नाही वाटत?” मी दारात जाऊन ओरडलो.

त्याच्या शेजारच्या लूमवरचे चाचा चहाचा ग्लास घेऊनच परतले, त्यांच्यामागून बाकीचेही. “लीडर, गुस्सा मत हो. वो होता तो सबसे पहले वही निकलता.”

वहिनींच्या तोंडून हसू फुटलं. त्यांनी पदर तोंडाला लावला, तरी हसू थांबेना. मग सगळेच हसले. स्तब्धता गेली ती गेलीच.

हातात ग्लास घेऊन एकेक जण बोलू लागला. मी बॉबिनच्या खोक्यावर बसून लिहून घेऊ लागलो. लूमच्या आवाजात बोलणं ऐकू येत नाही, म्हणून तो चार लूम पलीकडे हातांनी गोष्टी सांगायचा. शेठ आला की पोट पुढे काढून त्याच्या मागे चालायचा, आणि शेठ वळला की गंभीर तोंडाने धागा जोडत असायचा. चाचा म्हणाले, “सवेरे उसकी साइकिल की घंटी नाके से सुनाई देती थी.”

“घंटी नवतीच,” थोरली म्हणाली.

सगळे तिच्याकडे वळले. ती आईच्या मागे सरकली, पण बोलायची थांबली नाही. “ती कवाच तुटली व्हती. बाबा तोंडानंच वाजवायचे. ट्रिंग ट्रिंग. कोंबरी आडवी आली तर तिला येगली, म्हशीला येगली.”

“म्हशीला कशी गं?” चाचांनी मराठीत विचारलं.

तिने वाजवून दाखवली. धाकटी खदखदून हसली आणि तिनेही वाजवली, अगदी तशीच, गाल फुगवून. वहिनी तिच्याकडे बघत राहिल्या.

मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, “लिवा भावजी. हे पैलं लिवा.”