टाइलींवर सारवण

आता तुम्हाला म्हणून सांगतो, पण हातातला चहा आधी खाली ठेवा. सांडेल!

मुलाने पुण्याहून दिवाळीला दोन रोबोट पाठवले. चपटे, ताटाएवढे. एक झाडतो, दुसरा पुसतो. दोघांनी आमच्या मोहाडीच्या घराचा नकाशा स्वतःच काढला आणि काम वाटून घेतलं. झाडणाऱ्याला डाग दिसला, की तो पुसणाऱ्याला हाक मारतो. सख्ख्या भावांत नसते एवढी एकी!

भाऊबीजेला सिहोऱ्याहून माझी थोरली ताई येणार होती. मातीचं घर पाडून मी स्लॅब टाकला, तेव्हापासून ती आलीच नव्हती. "तुया टाइलीवर मले माहेराचा वासच येत नाही," म्हणायची. खरं सांगू? मलाही येत नव्हता. सणाला आई शेणाने सारवायची आणि ओल्यात पाय टाकला की ओरडायची. त्या ओरडण्याचीसुद्धा आठवण येते हो.

मग काय, डोकं चाललं! शेजारच्या गोठ्यातून ताजं शेण आणलं, पाण्यात कालवलं, फडक्याने गाळलं आणि ओतलं पुसणाऱ्याच्या टाकीत.

पहिली पट्टी अशी देखणी उठली! मी डोळे मिटून वास घेतला.

तेवढ्यात झाडणारा बोलला, "गंदगी मिली है. पोछा बुलाया जा रहा है."

पोछा आला. शेण घेऊनच आला! त्याने पुसलं, म्हणजे आणखी सारवलं. झाडणाऱ्याला आणखी डाग दिसला. पुन्हा हाक! बैठक झाली, स्वयंपाकघर झालं, जोडी देवघराकडे निघाली.

"अजी, हे काय करून राहिले तुमी?" बायको पाटावर चढून ओरडली.

"थांबवतो ना!" म्हणत धावलो आणि घसरून मधोमध बसलो. झाडणारा येऊन मला टेकला. "गंदगी मिली है!"

पोछा थेट माझ्या नव्या पायजम्यावर!

दारात ताई उभी. आधी पोट धरून हसली. मग तिने खोल श्वास घेतला. "मायच्या हाताचाच वास आहे रे," म्हणाली आणि पदराने डोळे पुसले.

बायकोने दोन्ही यंत्रं बंद केली. ताईने पदर खोचला. "ऊठ. सारवण अर्धं ठेवत नाही. भाऊबीज होऊ दे, मंग धू."

ती पुढे झाडत गेली, मी मागे सारवत. थोड्या वेळाने तिने वळून पाहिलं आणि बायकोला हाक मारली.

"वहिनी, त्या दोघायलेच चालू कर वं! हा तिसरा तं कोपरेच सोडून राहिला!"