दोन माड आणि वरचं एक

आधी मोजायचं. बारा केळी, दोन जुड्या अळू, एक गजरा. मोजलेलं पिशवीत घालायचं, पिशवी आपल्या हातात द्यायची, आणि आपण दाराकडे वळलो की मागून हाक मारायची, "थांब बाय, वरचं एक राहिलं." मग टोपलीत पुन्हा हात जायचा. एखादं केळं निघायचं, एखादा गजरा, आणि टोपली रिकामी असली तर कनवटीला खोचलेली चार तुळशीची पानं. वरचं एक दिल्याशिवाय मावशींचा व्यवहार पुरा होत नसे.

तुमच्याही दारावर अशी एखादी मावशी येत असेल. आपल्याला तिच्या टोपलीतलं सगळं माहीत असतं, तिचं नाव मात्र आपण कधी विचारलेलं नसतं. मीही विचारलं नव्हतं. ते मला पुढे आधार कार्डावर वाचायला मिळालं, पण मावशींना आता त्या नावाने हाक मारणं मला जमणार नाही, म्हणून इथेही लिहीत नाही.

मावशी शिरगावच्या. समुद्राला लागून त्यांची वाडी आहे. केळी, मोगरा, भाजीचे चार वाफे आणि कुंपणाच्या टोकाला दोन जुने उंच माड. पहाटे चारला उठून कळ्या खुडायच्या, पहिल्या एसटीने पालघरला यायचं, आमच्या इमारतीचे जिने चढायचे आणि मग बाजारात बसायचं. बाजारात भाजीची ओळ संपून मासळीची जिथे सुरू होते, त्या सांध्यावर त्यांची जागा. शेजारी सातपाटीची एक मासळीवाली. दोघी तीस वर्षं मांडीला मांडी लावून बसत आल्या आहेत, आणि तीस वर्षं ती मासळीवाली यांना एकच टोमणा मारत आली आहे. "तू काठावरची गो. तुला काय ठाव तुजा गाव कसा दिसतो?"

टोमणा खरा होता. वाडीवाली माणसं समुद्राच्या काठावर जन्म काढतात, पण पाण्यात जात नाहीत. बोटीवर जायचं ते कोळ्यांनी. बोटी परत येताना किनारा नुसती एक हिरवी रेघ दिसते, आणि त्या रेघेत शिरगाव ओळखायचं ते मावशींच्या दोन माडांवरून, असं ती मासळीवाली सांगायची. ज्या माडांना मावशींनी चाळीस वर्षं पाणी घातलं, ते पाण्यातून कसे दिसतात हे गावाच्या अर्ध्या पुरुषांना माहीत होतं आणि मावशींना नव्हतं. त्यातला एक माड अलीकडे घराकडे कलायला लागला होता. पावसाळ्याआधी तो काढायचा असं त्यांच्या मुलाने ठरवलं होतं. छपरावर पडला तर काय, हे त्याचं म्हणणं चुकीचं नव्हतं. मावशींनाही ते पटलं होतं. फक्त काढायच्या आधी ते दोन्ही एकदा पाण्यातून बघायचे होते. हे त्या मला केळी मोजता मोजता सांगत, आणि मी मान हलवून दार लावत असे.

आता माझं. मी बोईसरच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्याचं स्टोअर सांभाळते. नटबोल्टपासून हातमोज्यांपर्यंत सगळं कुठल्या रॅकवर आहे हे मला झोपेतही सांगता येतं. घरीही माझ्या याद्या असतात. नवरा म्हणतो, याद्यांचीही एक यादी आहे. आहे. त्यात हसण्यासारखं काही नाही.

गेल्या वर्षी मी आणि माझ्या ठाण्याच्या नणंदेने मोठ्या जहाजाची सहल ठरवली. मुंबईहून निघायचं, दीवला जायचं, परत यायचं. दोघींची एक केबिन. नवऱ्याला बरोबर नेण्याचा प्रश्नच नव्हता, त्याला एसटीत मनोर येईपर्यंत मळमळतं. मी तीन पानी यादी केली. निघायला चार दिवस उरले आणि नणंदेचा फोन आला. तिला नातू झाला होता, तीन आठवडे आधीच. ती रडत होती, हसत होती आणि मधूनमधून माफी मागत होती. मी तिचं अभिनंदन केलं, फोन ठेवला आणि वहीत नवं पान उघडलं. "केबिन, दुसरी खाट."

त्या पानावर मी सात नावं लिहिली. संध्याकाळपर्यंत सातही खोडली. एकीच्या घरी रंगकाम होतं, एकीच्या मुलाची परीक्षा, एकीला जहाज म्हटल्यावरच घाम फुटला. सरावलीच्या माझ्या सहकारी मैत्रिणीने तर सासूला विचारून सांगते म्हटलं आणि नंतर फोनच उचलला नाही. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत बदललेलं नाव कळवलं नाही, तर ती खाट रिकामीच जाणार होती.

सकाळी मावशी आल्या तेव्हा वही दारातल्या स्टुलावर उघडी पडली होती. "मला वाचता येत नाही पण खोडलेलं कळतं," असं म्हणून काय झालं ते त्यांनी विचारलं. मी घाईघाईत सगळं सांगितलं. त्यांनी केळी मोजणं थांबवलं.

"ते जहाज शिरगावावरून जातं?"

मी घड्याळ बघत होते. मुंबईहून उत्तरेला जायचं तर वाटेत पालघर येणारच, असा माझ्या डोक्यात सरळ हिशेब झाला. "जातं की."

"माझे माड दिसतील?"

"दिसतील."

ज्या बाईने आयुष्यात कधी खोकं उघडून बघितल्याशिवाय माल आल्याची सही केली नाही, तिने हे उत्तर न तपासता दिलं. ते लक्षात ठेवा.

मावशींनी टोपली तिथेच ठेवली. "मग माझं नाव लिही."

वाडी सोडून त्या एक रात्रही बाहेर राहिल्या नव्हत्या. सुनेने कळ्या खुडायच्या, मुलाने पाणी सोडायचं, बाजारातल्या गिऱ्हाइकांना मासळीवालीने सांगायचं, अशी मी यादी केली आणि सुनेला वाचून दाखवली. ती म्हणाली, आमाला ठाव हाय, तुमी आईंना तेवढं नीट परत आणा. मासळीवालीने मात्र अख्ख्या बाजाराला ऐकू जाईल असं विचारलं, काठावरची निघाली काय, ओकायला पिशवी घेतलीस का?

मावशींच्या सामानाचीही मी यादी केली होती. त्यांनी त्यातलं सगळं घेतलं आणि वर थोडं घेतलं. बंदरावर तपासणीच्या यंत्रात त्यांची पिशवी गेली आणि पट्टा थांबला. आतून एक सोललेला नारळ निघाला आणि फुलं कापायची सुरी. नारळ त्याच माडाचा होता. माड समोर आले की समुद्राला द्यायचा, असं मावशींनी मनात धरलं होतं. खाण्याच्या वस्तू आणि सुऱ्या नेता येत नाहीत, असं तिथल्या शिपाईणीने समजावलं. मावशींनी तिला आधी नारळ दिला, मग सुरी दिली, आणि जरा पुढे जाऊन परत वळल्या. पिशवीत केळीच्या पानात, ओल्या फडक्यात गुंडाळलेला मोगरा होता, त्यातला एक गजरा तिच्या हातावर ठेवला. नारळ आणि सुरी गेली तरी त्यांचा व्यवहार पुरा झाला होता.

केबिनमध्ये एका खाटेवर कोणीतरी टॉवेलचा हत्ती करून ठेवला होता. मावशींनी तो तीनही दिवस मोडू दिला नाही. अंग पुसायला स्वतःचा पंचा वापरला. सकाळी चारला उठून दोन्ही खाटांच्या चादरी अशा ताणून घातल्या की केबिन आवरायला आलेल्या माणसाला इथे रात्री कोणी झोपलं होतं हे पटेना. संकटात घालायचं नारंगी जाकीट सगळ्यांना घालून दाखवलं, तेव्हा बाकीच्यांनी ते पाच मिनिटांत काढलं. मावशी त्यातच जेवायला आल्या. हे घरी नेता येतं का, मासळीवालीला दाखवायचं होतं, असं त्यांनी विचारलं. मी वाढप्यासमोर खोकले.

पण हे सगळं नंतरचं. पहिल्या संध्याकाळी जहाज निघालं आणि मावशी वरच्या मजल्यावर कठड्याला जाऊन उभ्या राहिल्या. पदर कमरेला खोचलेला, डोळ्यांवर हात. मी त्यांच्यासाठी चहा आणायला गेले आणि तिथे एका कर्मचाऱ्याला सहज विचारलं की शिरगाव किती वाजता येईल. त्याने मला भिंतीवरचा नकाशा दाखवला. मुंबईतून बाहेर पडलं की जहाज किनारा सोडून सरळ खोल समुद्रात शिरतं. पालघर कुठेतरी दूर उजव्या हाताला राहतं. किनाऱ्याची रेघसुद्धा दिसत नाही, मग माड कुठले.

दोन चहा घेऊन मी त्या नकाशासमोर किती वेळ उभी होते कोण जाणे. चहा गार झाला होता, एवढं आठवतं. परत जाऊन मी त्यांच्याशेजारी उभी राहिले.

"मावशी, शिरगाव दिसणार नाही. मी न विचारताच सांगितलं तुम्हाला."

त्या वळल्या नाहीत. "मघाच कळलं, बाय. सूर्य या अंगाला बुडला, म्हणजे गाव त्या अंगाला. तिथं नुसतं पाणी हाय."

"मग इथे का उभ्या आहात?"

"तू चहा आणायला गेलीस ना? हलले असते तर मी सापडले असते तुला?"

मग त्यांनीच माझ्या हातातला गार चहा घेतला आणि एका घोटात संपवला. "एवढं मोठं जहाज शिरगावला काय म्हणून येईल गो? आपली एसटी पण कधी कधी फाट्यावर सोडते."

दुसऱ्या दिवशी पहाटे मला जाग आली तर त्या जमिनीवर बसून उरलेल्या कळ्या ओवत होत्या. इथे खुडायला वाडी नव्हती, तरी हात थांबत नव्हते. न्याहारीच्या वेळी शेजारच्या केबिनमधल्या बाई, लिफ्टमध्ये भेटलेल्या दोन बहिणी, रात्री नवऱ्याशी भांडून डोळे सुजलेली एक तरुण मुलगी, अशा सगळ्यांच्या केसांत मोगरा होता. त्या भांडलेल्या मुलीला दोन गजरे मिळाले. एक तुझा आणि वरचं एक, असं मावशींनी तिला सांगितलं. दुपारी ती नवऱ्याबरोबर आइस्क्रीमच्या रांगेत दिसली. हे मोगऱ्याने झालं असं मी म्हणणार नाही. मी स्टोअरमध्ये काम करते, पुराव्याशिवाय नोंद करत नाही.

मावशी तीन दिवस मजेत होत्या आणि माझ्या वहीत "मावशींचे माड" या एका ओळीवर खूण होत नव्हती.

परत आल्यावर मासळीवालीने बाजारात विचारलंच, "दिसले काय गो तुजे माड?" मला वाटलं, मावशी आता हो म्हणतील. कोण तपासणार होतं? त्या म्हणाल्या, नाय दिसले. मग मासळीवाली आठवडाभर हसली.

मी वही घेऊन तिच्यासमोर गेले. तिच्या मुलाची छोटी बोट होती. माड पावसाआधी निघणार आणि पावसात बोटी बंद होणार, तेव्हा कोणत्या रविवारी, किती वाजता जमेल, असं मी विचारलं. ती कोयता थांबवून माझ्याकडे बघत राहिली.

"लिवून काय घेतेस? भरती येल तवा या."

भरती आली तेव्हा आम्ही गेलो. धक्क्यावर मासळीवालीने बोटीतून हात पुढे केला, ये काठावरची, आणि मावशी त्या हाताला धरून आत उतरल्या. मोठ्या जहाजावर तीन दिवस मला काही झालं नव्हतं. या बोटीत पंधरा मिनिटांत मी बाजूला वाकले होते. ओकायची पिशवी मासळीवालीने माझ्यासाठी आणली होती, यादीत नसताना.

तोंड पुसून मी वर बघितलं तेव्हा बोट थांबली होती. किनारा खरंच एक हिरवी रेघ होता आणि त्या रेघेतून दोन माड वर निघाले होते. सुईसारखे. दोन्ही सरळ.

मावशी खूप वेळ बघत होत्या. त्यांनी पदरातला नारळ काढला, पण हातातच ठेवला.

"वाकडा कुठला?"

मासळीवालीचा मुलगा म्हणाला, कोणताच नाय. मग मला उमगलं. माड घराकडे कलला होता, म्हणजे समुद्राच्या बरोबर उलट्या दिशेला. वाडीत उभं राहिलं की तो कललेला दिसायचा. पाण्यातून बघणाऱ्याला तो कधी वाकडा दिसलाच नव्हता.

"आमीच त्याला वाकडा म्हणायचो," मावशी म्हणाल्या. मग नारळ पाण्यात सोडला. मासळीवाली टोमणा मारायला विसरली, नाहीतर तिला सुचला नसेल.

माड निघाला. मुलाचं चुकलं नव्हतं, छप्पर छप्पर असतं. पाऊस संपल्यावर एका रविवारी मी शिरगावला गेले. वहीतली ती ओळ मी खूण करून बंद केली होती, तरी गेले. कुंपणाच्या टोकाला, कापलेल्या बुंध्याच्या शेजारी दोन नवी रोपं लावली होती. एक माड गेला तर रोपं दोन कशी, असं मी सुनेला विचारलं. ती म्हणाली, एक त्याच्या जागी, आणि एक आई म्हणतात ते.

मावशी घरात नव्हत्या. वाडीतही नव्हत्या. सून हसून म्हणाली, "आई बोटीवर गेल्यात. मासळीवालीसंगती. रोपं पाण्यातून दिसतात का बघायला."

रोपं माझ्या गुडघ्याएवढीही नव्हती.

मी ओट्यावर थोडा वेळ बसले. निघताना सुनेने केळीच्या पानातली पुडी हातात दिली. आई तुमच्यासाठी ठेवून गेल्यात, म्हणाली. मी फाटकाशी पोचून पुडी उघडली. एक गजरा मी आदल्या दिवशी फोनवर सांगितला होता. आत दोन होते.