बाबांनी खोडलेलं वाक्य

बाबा मंगळवारी गेले. सकाळी त्यांनी चहा घेतला, पेपर वाचला, टॉवेल घेतला आणि बाथरूमच्या दारात बसले. आईने हाक मारली. मी स्वयंपाकघरातून बाहेर आले तोवर ते गेले होते. तेराव्याला त्यांचा आवाज आमच्या घरी आला.

हे नीट सांगायला हवं.

माझे बाबा मार्केट यार्डात एका कांदा-बटाट्याच्या आडत्याच्या गाळ्यावर कारकून होते. लोक त्यांना ओळखायचे ते वेगळ्याच कारणाने, आणि तेही चेहऱ्याने नाही. मराठीत एक कार्टून मालिका आहे. सोसायटीतल्या दोन खोल्यांत राहणारं कुटुंब: आळशी, चिक्कू, तोंडाळ बाप; त्याला पुरून उरणारी आई; सतत पुस्तकात डोकं घातलेली चष्मिस मुलगी आणि तिचा उनाड भाऊ. त्यातल्या बापाचा आवाज माझ्या बाबांचा होता. पहिल्या भागापासून. तो आवाज घशातून यायचा, खरखरत. त्यात मार्केट यार्डातल्या गोण्यांची धूळ आहे असं आई म्हणायची.

मालिका सुरू झाली तेव्हा मी पाचवीत होते. नारायण पेठेत एका छापखान्याच्या वरच्या मजल्यावर ती जन्माला आली. भिंतींना आतून गाद्या लावलेल्या होत्या, माइक बुधवार पेठेतून आणलेला, जुना. खालचं मशीन सुरू झालं की रेकॉर्डिंग थांबायचं. मालिका काढणारा तेव्हा कॉलेजातून नुकता बाहेर पडलेला पोरगा होता. मी त्याला दादा म्हणायचे, तो बाबांना काका. हौशी नाटकात बाबांना ऐकून तो त्यांना शोधत गाळ्यावर आला होता. बापाचे कपडे, आईची जांभळी साडी, मुलीचा चष्मा, सगळं तो हाताने काढायचा. आईची साडी इतकी वर्षं जांभळीच राहिली, कारण रंग बदलायचा म्हणजे पुन्हा सगळं काढायला लागायचं. पुढे कॉम्प्युटर आला तरी साडी जांभळीच, कारण तोवर लोकांना ती तशीच हवी होती.

सुरुवातीला दोन कार्यक्रमांमधली फट भरायला चार मिनिटांचे तुकडे असायचे. मग अर्ध्या तासाचा भाग झाला, मग रविवार सकाळ मिळाली, मग चॅनेल बदललं, मग मोबाइलवर. बाहेर जे जे होई ते मालिकेत येई: केबल, मॉल, मुलाला अमेरिकेला पाठवलेले शेजारी, बापाच्या हातात स्मार्टफोन. दर वर्षी एक बिल्डर येऊन इमारत पाडायचं ठरवी आणि भागाच्या शेवटी हात हलवत परत जाई. आमची खरी इमारत दरम्यान पाडली, बांधली, आणि आम्ही त्यात राहायलाही आलो. ती चष्मिस मुलगी पाचवीतच. मी एम.ए. झाले, पीएच.डी. झाले, कॉलेजात शिकवायला लागले, माझे केस पिकायला लागले. तिला अजून भागाकार येत नाही.

दादाचा नियमच होता: भाग कुठेही जाऊ दे, शेवटी सगळं जागच्या जागी. चौघांची ताटं मांडलेली, बाप कुरकुरतोय, आई वाढतेय. कोणी मोठं व्हायचं नाही, कोणी घर सोडायचं नाही, कोणी मरायचं नाही. लोकांना तेच हवं असतं असं तो म्हणायचा. असेलही. माझा राग त्या नियमावर तेव्हा नव्हता. आता आहे.

बाबांचाही एक नियम होता. भागाच्या शेवटी लेखक काहीतरी गोड लिहीत. मुलगी वक्तृत्व स्पर्धेत हरून येते आणि बाप म्हणतो, "बाळा, तू हरलीस तरी मला तुझा अभिमान आहे." बाबांनी ते वाचलं, खिशातलं बॉलपेन काढलं आणि खोडलं.

"काय झालं काका?"

"असं कोण बोलतं?"

"बाप बोलतो ना."

"कुठला? मला दाखव. आपण त्याला भेटून येऊ."

"मग तुम्ही काय म्हणाल?"

बाबांनी पाण्याचा पेला खाली ठेवला, चपला काढल्या (माइकसमोर ते नेहमी अनवाणी उभे राहत) आणि म्हणाले, "जेवलीस का?"

तेच ठेवलं. आणि ते इतकं बसलं की पुढे प्रत्येक भाग तिथेच संपायला लागला. मुलीने काहीही केलेलं असो, तिच्यावर काहीही ओढवलेलं असो, बाप टीव्हीवरची नजर न काढता विचारणार, "जेवलीस का?" लेखक तरीही अधूनमधून ते गोड वाक्य मुद्दाम लिहून ठेवत, बाबांनी खोडावं म्हणून. ती त्यांची तिथली चेष्टा झाली होती. बाबा न बोलता पेन काढायचे आणि सगळे हसायचे.

घरीही बाबा तसेच होते. माझी पीएच.डी.ची तोंडी परीक्षा झाली त्या दुपारी मी गाळ्यावर फोन केला. मागे हमालांचा गलका. मी सांगितलं, झालं. ते म्हणाले, "जेवलीस का?" मी नाही म्हटलं. "मग आधी जेव," म्हणाले, आणि फोन ठेवला. मला त्या दिवशी काहीही कमी पडलं नाही. हे मला कोणाला पटवून द्यायचं नाही.

ते गेले त्या दिवशी स्मशानात कोणाचा तरी फोन वाजला. रिंगटोन बाबांच्याच आवाजातली होती, त्या मालिकेतली: "मी घरात नाही म्हणून सांग!" ज्याचा फोन तो घाबरून खिसे चाचपत राहिला आणि तेवढ्यात ती आणखी दोनदा वाजली. मागे कोणीतरी फिसकन हसलं. मी वळून पाहिलं नाही. पाहिलं असतं तर काय केलं असतं हे मला माहीत नाही.

त्यानंतर भेटायला येणारी माणसं. "तुमच्या मोबाइलवर असेल ना त्यांचं काही रेकॉर्डिंग? ऐकवा की." "आमची मुलं तर रडली हो." "त्या कार्टूनमध्ये ते आता कसं करणार?" हा शेवटचा प्रश्न सगळ्यांनी विचारला. बाप गेला माझा, आणि काळजी कार्टूनची.

तेराव्याला पानं उठल्यावर नातेवाईक पांगले. दादा थांबला. आता त्याचं पोट सुटलंय, दाढी पांढरी झालीय. त्याच्याबरोबर साउंडचं काम बघणारा एकजण होता. दोघं आमच्याकडेच जेवले होते. दादाने लॅपटॉप टीपॉयवर ठेवला आणि आईला म्हणाला, "काकू, तुमच्यासाठी काहीतरी आणलंय. तुम्हाला बरं वाटेल."

त्याने हे मनापासून म्हटलं. ते मी नाकारत नाही. म्हणूनच जास्त चीड येते.

पडद्यावर तीच खोली, तोच टीव्ही, तीच जांभळी साडी. मुलगी दारात. बाप खुर्चीवरून उठला. इतक्या वर्षांत तो भागाच्या शेवटी कधी उठला नव्हता. तो तिच्याजवळ गेला आणि बाबांच्या आवाजात म्हणाला, "बाळा, मी कधी बोललो नाही. पण मला तुझा फार अभिमान आहे. मी नसलो तरी हे लक्षात ठेव."

आवाज बाबांचा होता. खरखर होती, शब्दाआधी घेतलेला श्वास होता, 'फार'मधला तो किंचित ओढलेला फा होता. माझ्या हातातली ताटली मी कुठे ठेवली ते मला आठवत नाही.

आईने पदर सारखा केला. म्हणाली, "हे यांना कोणी बोलायला लावलं?"

"काकू, काकांची इतक्या वर्षांची सगळी रेकॉर्डिंग्ज आपल्याकडे आहेत. ती कॉम्प्युटरला दिली. तो शिकला. आता काहीही लिहा, काकांच्या आवाजात येतं. आता काका कधीच जाणार नाहीत."

"ते गेलेत," आई म्हणाली. "आत्ता काय जेवून उठलात तुम्ही?"

दादा माझ्याकडे वळला. नवे भाग याच आवाजात करायचे होते, आम्ही हो म्हणायची खोटी होती. आमच्या परवानगीशिवाय करणार नाही असं त्याने स्वतःहून सांगितलं. "काकांना आवडलं असतं गं," म्हणाला. "आणि हे वाक्य मी मुद्दाम तुझ्यासाठी घातलंय. ते तुला कधी बोलले नसतील ना."

मी आयुष्यात कोणावर ओरडलेले नाही. तेव्हाही ओरडले नाही. मी म्हटलं, "दादा, एक कर. त्याला विचार, हे वाक्य पटतंय का."

"कोणाला?"

"या तुमच्या आवाजाला. म्हणावं, नसेल पटत तर खोड."

तो साउंडवाला समजुतीच्या सुरात म्हणाला, "ताई, तसं नाही होत. आपण लिहू ते तो म्हणतो."

"काहीही?"

"हो, काहीही."

"मग हे माझे बाबा नाहीत. लॅपटॉप मिटा."

पुढचे काही आठवडे लोकांनी मला शहाणं करायचं काम हातात घेतलं. धाकटे काका येऊन म्हणाले, "अगं, नाव राहतंय त्याचं. एवढं पुस्तकी कशाला व्हायचं?" माझ्या कॉलेजातल्या एक बाई म्हणाल्या, "माझ्या वडिलांचा आवाज मला असा मिळाला असता तर मी रोज ऐकला असता." दादाने स्वतः सांगितलं, की मालिका बंद पडली तर तिथे काम करणाऱ्या पोरांनी कुठे जायचं. या सगळ्यात तथ्य नाही असं नाही. पण प्रत्येकजण जे सांगत होता त्यात बाबा कुठेच नव्हते. सगळ्यांना आवाज हवा होता. आवाज काय, तो रिंगटोनमध्येही होता. चपला काढून, पाण्याचा पेला बाजूला ठेवून, समोरच्याने लिहिलेलं वाचून "मी हे म्हणणार नाही" म्हणणारा माणूस गेला होता, आणि त्याच्या जागी त्यांनी हवं ते बोलणारं काहीतरी आणून बसवलं होतं. माझ्या घरात. माझ्या आईसमोर. त्याचं तेरावं जेवून.

आईला मी विचारलं, काय करायचं. ती मटार सोलत होती. म्हणाली, "त्यांना मी लग्नात नाव घ्यायला लावलं होतं तर तेही त्यांनी घेतलं नाही. आता यांच्या मशीनसाठी घेतील होय?"

मी नारायण पेठेत गेले. खालचा छापखाना बंद होऊन तिथे मोबाइलच्या कव्हरांचं दुकान आलंय. वर भिंतींना आता गाद्या नाहीत, काहीतरी राखाडी, महाग आहे. मी उभ्यानेच सांगितलं, नाही.

"मग बापाचं काय करू मी?" दादा म्हणाला. तो खरंच हतबल दिसत होता.

"मरू दे त्याला."

"आपल्या मालिकेत कोणी मरत नाही गं. मुलं बघतात."

"मुलांच्या घरी माणसं मरत नाहीत?"

तो म्हणाला, "तू त्या पोरीसारखीच आहेस. हट्टी."

"ती पोरगी माझ्यासारखी आहे," मी म्हटलं. "मी आधी आले."

त्याने माझं ऐकलं, निम्मं. मशीनमधला आवाज पुसून टाकला, निदान तसं सांगितलं. बापाला मारलं नाही. दुसरा नट आणला. तो चांगला आहे, त्याच्याविषयी मला काही म्हणायचं नाही. नवीन भाग लागला तेव्हा आई आणि मी दोघींनी पाहिला. चौघांची ताटं मांडलेली होती, साडी जांभळी होती, सगळं जागच्या जागी होतं. मुलगी दारातून आली. बाप तिच्याकडे वळून म्हणाला, "बाळा, मला तुझा अभिमान आहे."

लेखकांनी सवयीने लिहिलं असणार. नव्या माणसाने कागदावर होतं ते वाचलं. रेकॉर्डिंगच्या खोलीत बसलेल्या इतक्या लोकांपैकी एकाच्याही हाताला पेन लागलं नाही.

मोबाइलवर त्या भागाखाली लोकांनी लिहिलं होतं, डोळ्यांत पाणी आलं.

मी दादाला फोन केला नाही. त्याला काय सांगणार? ज्याला इतक्या वर्षांत दिसलं नाही, त्याला फोनवर दिसणार नाही.

जुने भाग अजून दुपारी लागतात. शेजारच्यांचा टीव्ही मोठ्याने असतो, त्यामुळे भिंतीतून बाबांचा आवाज येतो आणि शेवटचं वाक्य आम्हाला ऐकू येतं. आई तेव्हा जागची हलत नाही, मीही वाचत असते ते वाचत राहते. घरात आता आम्ही दोघी आहोत. जेवलीस का, असं आम्ही एकमेकींना विचारत नाही. वेळ झाली की पानं घेतो आणि जेवतो.