भाऊंची शंका

लोणावळ्याच्या आमच्या कॉलेजात प्रयोगशाळेचे एक शिपाई होते. आम्ही त्यांना भाऊ म्हणायचो. काचेच्या नळ्या पुसता पुसता ते आमच्या वह्यांत डोकवायचे.

शंका इंग्रजीतच विचारायची, हा सरांचा नियम. त्यामुळे कार्ल्याकडची आम्ही मुलं गप्प बसायचो आणि ठोंबे ठरायचो. एकदा माझी कुजबुज ऐकून भाऊंनीच विचारलं, "सर, ह्यो धूर तांबडा का वो?"

"तुम्हाला कशाला हवंय?"

"इंग्रजीचा नियम पोरांना हाय. मी तर शिपाई!"

सरांना हसू आलं. ते मराठीत सांगू लागले, आणि काय सुरेख सांगितलं! भाऊ मात्र आमच्या पेनांकडे बघत म्हणाले, "न्हाई कळलं. परत सांगा."

पुढे हे रोजचंच झालं. आमच्यातलं शेवटचं पेन थांबेपर्यंत भाऊंना काही म्हणजे काही कळायचं नाही.