चमकपाणी कोण भरतं?

मास्तरांना मास्तर म्हणायचे ते शाळेमुळे नव्हे, शिलाईमुळे. गल्लीच्या तोंडाशी त्यांचं दुकान होतं आणि निम्म्या गावाचे कोट आणि विजारी त्यांच्या डाव्या हाताखालून गेल्या होत्या. डावखुरा शिंपी म्हणून सुरुवातीला लोक हसले, मग त्याच लोकांनी रांगा लावल्या. दुकानाची बटणं घरी बायको लावायची. बटण टाकलं की त्याच्या खाली दोऱ्याचे वेढे द्यायचे आणि मग गाठ मारायची, अशी रीत. तिचे वेढे उजव्या हाताचे, मास्तरांचे बरोब्बर उलट्या दिशेचे. तयार कोट हातात घेऊन मास्तर सांगायचे, "हे बटण तुझं, हे माझं." ती म्हणायची, "अहो, गिऱ्हाइकाला काय त्याचं? तुटलं नाही म्हणजे मिळवलं."

दुकान बंद झालं, शिलाई मशीन घरात आलं, आणि त्यानंतर आलं दुसरं मशीन, भांडी धुण्याचं. मास्तरांच्या बायकोचे, म्हणजे बाईंचे, हात साबणाच्या पाण्याने चिरत होते, बोटांना भेगा पडत होत्या. डॉक्टरांनी साबण बंद म्हणून सांगितलं. मास्तरांनी आधी नाक मुरडलं. दोन माणसांची भांडी ती किती, त्याला एवढा मोठा पेटारा कशाला, वगैरे वगैरे. बाईंनी तिकडे साफ दुर्लक्ष केलं. उलट त्या अशा काही कामाला लागल्या की बघत राहावं. दुसऱ्या बायका जावई पारखतात तशी ह्यांनी पावडर पारखली.

एकाच पांढऱ्या बशीला अंड्याचा बलक फासायचा, एकाच कपात चहा वाळू द्यायचा, आणि दर वेळी निराळं औषध घालून मशीन लावायचं. जेलनं चहाचा डाग काढला पण बलक जागचा हलला नाही. गोळीनं दोन्ही काढलं, पण गोळी म्हणजे अख्खी गोळी. पेटारा अर्धा रिकामा असला तरी ती तेवढीच, आणि लहान धुण्यात विरघळायचीही नाही, तळाशी बुळबुळीत तुकडा उरायचा. पावडर मात्र चमच्यानं मोजता येते, भांडी कमी तर पावडर कमी. बाईंनी पावडरीला पसंती दिली. पाणी जड, म्हणून मशीनच्या पोटात त्याचं वेगळं मीठ घातलं. तरी ग्लासांवर पांढरे ठिपके राहिले. मग आलं ते शेवटच्या पाण्यात सोडायचं औषध, रिन्स एड. ते असलं की पाणी काचेवर थबकत नाही, घसरून जातं आणि ग्लास कोरडा निघतो. एका बाटलीला इतका वास होता की चहासुद्धा अत्तरात बुडवल्यासारखा लागला. दुसरीनं फेस धरला. शेवटी निळी बाटली ठरली, लिंबाच्या हलक्या वासाची. बाईंनी तिचं नाव ठेवलं चमकपाणी.

मशीनच्या दाराला आतून एक गोल झाकण होतं, त्यात ते भरायचं. संपलं की वर लाल दिवा लागायचा. ते खातं बाईंचं. मास्तरांनी त्या झाकणाला कधी बोट लावलं नाही. त्यांचं काम एवढंच, धुतलेला ग्लास खिडकीकडे धरायचा, एक डोळा मिटायचा आणि म्हणायचं, "पास."

मागच्या थंडीत बाई साधा ताप म्हणून दवाखान्यात गेल्या, त्या परत आल्या नाहीत.

घर मास्तरांना खायला उठलं. पण मास्तर घर सोडायला तयार नव्हते. मुलगी शहराच्या दुसऱ्या टोकाला राहायची, दर रविवारी यायची. एका रविवारी ती आली तर इस्त्री चालूच होती, खालची चादर काळी पडून धूर निघत होता आणि मास्तर बाहेरच्या खोलीत निवांत पेपर वाचत होते. तिनं बटण बंद केलं, खिडक्या उघडल्या आणि मग ती खुर्चीत बसून रडली.

"बाबा, अजून एकदा असं काही झालं ना, तर मी तुमचं काही ऐकणार नाही. हे घर बंद, आणि तुम्ही माझ्याकडे."

"विसरतं माणूस. तू नाही विसरत?"

"मी घर पेटवत नाही."

तेव्हापासून मास्तर डोळ्यांत तेल घालून वागू लागले. गॅस बंद केला की दोनदा बघायचे. किल्ली ठरल्या खिळ्याला लावायचे. ह्या घरात ओटा तिचा, खुंटीवरचा झगा तिचा, दुपारचं ऊनसुद्धा तिच्याच जागेवर पडायचं. मुलीच्या घरी गेलो की हे सगळं संपलं, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

आणि मग मुलीनं तो प्रश्न विचारला. ती सगळं एकातच असलेल्या गोळ्यांचं पाकीट घेऊन आली होती.

"हे टाका आणि मोकळे व्हा. ते मीठ वेगळं, रिन्स एड वेगळं, कशाला डोक्याला ताप? बाय द वे, रिन्स एड भरतं कोण? महिन्या-दीड महिन्यात संपतं ते. दिवा तर कधी लागलेला दिसत नाही."

मास्तरांनी ते कधीच भरलं नव्हतं. थंडी गेली, उन्हाळा सरला, आणि ग्लास रोज पास होत होते. पण इस्त्रीचा धूर अजून नाकात होता, म्हणून त्यांनी तोंडातल्या तोंडात सांगून टाकलं, "मीच भरतो की."

मुलगी गेल्यावर त्यांनी ओट्याखालचं कपाट उघडलं. मागे, कोपऱ्यात, तिच्या जागेवर निळी बाटली उभी होती. तिच्यावर धूळ नव्हती.

त्या दिवसापासून मास्तर जेवण झालं की मशीन लावायचे आणि स्टूल ओढून त्याच्यासमोर बसायचे. आत पाणी फिरायचं, थांबायचं, पुन्हा फिरायचं. शेवटी शेवटी दाराच्या आतून एक बारीक टक् असा आवाज यायचा आणि थोड्या वेळानं फटीतून लिंबाचा वास. तो आला की त्यांच्या मानेवर काटा उभा राहायचा. मागे कोणीतरी पदराला हात पुसतंय, असं वाटायचं. ते वळून बघायचे नाहीत. वळलं आणि कोणी नसलं तर काय करायचं, ह्याची त्यांना भीती वाटायची. कोणी असलं तर, ह्याची वाटत नव्हती.

तरी खात्री करून घेणं हा शिंप्याचा धर्म. मापं दोनदा घेतल्याशिवाय ते कात्री चालवत नसत. त्यांनी खडूनं बाटलीवर पाण्याच्या पातळीची रेघ मारली. मग झाकणापासून गळ्यापर्यंत लाल दोरा आवळून बांधला, असा की तो तोडल्याशिवाय झाकण फिरणार नाही. बाटली जागेवर ठेवली आणि कपाट लावून घेतलं.

काही दिवस त्यांनी तिकडे ढुंकून पाहिलं नाही. धीरच झाला नाही. मग एकदा चहाचा कप हातात धरून त्यांनी वाकून दार उघडलं.

पातळी रेघेच्या पार खाली गेली होती. लाल दोरा नव्हता. त्याच्या जागी निळा दोरा होता, वेढे देऊन नीट आवळलेला, नीट गाठ मारलेला.

कप हातातून सुटला आणि फुटला. मास्तर ओल्या फरशीवर तसेच बसले, आणि त्यांना रडू आलं, पण ते सुखाचं होतं. निळा तिचा आवडता रंग. एवढा शिंप्याचा हिसका दाखवायला गेलो आणि हिनं दोऱ्यानंच उत्तर दिलं! "अगं, सांगायचंस तरी," ते कपाटात तोंड घालून म्हणाले. "मी एवढा जिवाला घोर लावून घेतला." बाटलीला त्यांनी बोटही लावलं नाही. हळूच दार लोटलं.

त्यानंतरचे दिवस बरे गेले. मास्तर घरात बोलू लागले. तिचा कप रोज मशीनमध्ये ठेवू लागले, भांडी बरी भरतात म्हणून. बाटली संपत आली आहे हे मात्र त्यांच्या मनात होतं. संपली की ती भरणार काय? आणि भरायला काही नसलं तर येणार कशाला? ते अंगात कोट घालून किराणा दुकानात गेले.

दुकानातल्या पोरीनं त्यांच्यासमोर सगळं एकातचं पाकीट ठेवलं. "आजोबा, हे घ्या. सगळे हेच नेतात."

"सगळ्यांचं पाणी जड नसतं. आणि सगळ्यांच्या घरी दोनच माणसं नसतात."

"मग रिन्स एडऐवजी व्हिनेगर घाला. माझी आई तेच घालते."

"तुझ्या आईला सांग, आतलं रबर खातं ते. आमच्या हिनं तेही करून पाहिलंय."

निळी बाटली मिळेना. कंपनीनं बाटली बदलली, रंग बदलला, वासही बदलला असेल कुणास ठाऊक. मास्तरांनी होतं नव्हतं ते सगळं उतरवून घेतलं, झाकणं उघडून हुंगलं, मागचं बारीक अक्षर पोरीकडून वाचून घेतलं. अत्तरवाल्या बाजूला केल्या. शेवटी एक बाटली त्यांनी पुन्हा हुंगली. लिंबू, पण हलकं.

"आजींना आवडेल ना?" पोरीनं सहज विचारलं.

"तेच बघतोय," मास्तर म्हणाले.

घरी येऊन त्यांनी नवी बाटली ओट्यावर ठेवली आणि वास जुळतो का पाहावा म्हणून जुनी बाहेर काढली. "जरा वेळ नेतो गं, लगेच ठेवतो." दोरा सोडायला ते खिडकीत गेले, चष्मा लावला, बाटली उजेडाकडे धरली. सवयीनं एक डोळा मिटला.

वेढे उलटे होते.

त्यांनी बाटली फिरवून पाहिली. मग स्वतःला समजावलं, की आपण उलटी धरली असेल. तशी धरली, अशी धरली. आयुष्यभर लाखभर बटणं बघितलेला माणूस; त्याला वेढा कळत नाही असं होत नाही. हे तिचं नव्हतं. हा डावा हात होता.

त्यांनी हळूहळू आपल्या घरातल्या बंडीवर हात फिरवला. छातीवर, डाव्या बाजूला, जिथे ते उभा जन्म सुई खोचत आले, तिथे सुई होती. तिच्यात निळा दोरा होता.

कधी? कोणत्या दुपारी? त्यांनी डोकं खूप खणलं. लाल दोरा तोडल्याचं आठवेना, झाकण फिरवल्याचं आठवेना, आतलं ते गोल भोक कसं दिसतं हेसुद्धा आठवेना. सगळा उन्हाळा कोणीतरी ह्या स्वयंपाकघरात वावरलं होतं, तिच्यासारखं वाकून, तिच्या जागेवरून बाटली काढून, न सांडता भरून पुन्हा ठेवत होतं. ते कोणीतरी त्यांच्याच कपड्यात होतं. बाईंच्या भुताची त्यांना कधी भीती वाटली नाही. ह्या माणसाची वाटली.

आणि ती नव्हती. एवढे दिवस ती घरात नव्हतीच. त्या दुपारी मास्तरांची बायको त्यांच्यापुरती दुसऱ्यांदा गेली, आणि ह्या वेळी तर सांत्वनाला यायलाही कोणी नव्हतं.

रविवारच्या आत गोष्ट दाबून टाकणं सोपं होतं. दोरा तोडायचा, बाटली फेकायची, ताकास तूर लागू द्यायची नाही. इस्त्री बंद होती, गॅस बंद होता, मुलीला काय कळणार? घर वाचलं असतं. मास्तरांनी कात्री हातात घेतलीही होती. पण इस्त्रीपायी रडलेली मुलगी त्यांच्या डोळ्यांसमोरून हलेना. आणि त्या दुसऱ्या माणसानं उद्या बाटलीऐवजी गॅसला हात लावला तर?

मुलगी आली, तिनं पर्स ठेवली, आणि मास्तरांनी बाटली तिच्या हातात दिली.

"ही गाठ कोणाची, सांग."

मुलगी शिंप्याची. लहानपणी बटणांच्या ढिगावर खेळलेली. तिनं नुसतं पाहिलं आणि हसली. "तुमची! वेढे बघा की उलटे. आईची असती तर..."

तिनं बाबांच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि तिचं हसू मावळलं.

"मला आठवत नाही," मास्तर म्हणाले. "मला वाटलं, ती भरतेय."

मुलीनं बाटली ओट्यावर ठेवली, जवळ येऊन त्यांच्या बंडीतली सुई अलगद काढून घेतली, आणि तिला काय करावं ते कळेना म्हणून ती तशीच हातात धरून उभी राहिली. मास्तरांनीच शेवटी तिच्या खांद्यावर हात ठेवला.

"सामान बांध माझं. येतो मी तुझ्याकडे. पण तुझ्या मशीनमध्ये ती गोळी नाही चालायची. पावडर घालायची, चमच्यानं मोजून. आईची."

"बरं."

"आणि चमकपाणी हे नवं आणलंय ना, हेच. वास जुळतो."

"मी भरीन बाबा, न चुकता."

मास्तर उठून मशीनपाशी गेले, तिचा कप बाहेर काढला, खिडकीकडे धरला. एक डोळा मिटला. मग पाठमोरेच म्हणाले,

"भर. पण मला दिसेल असं नको भरूस."